मौन आणि खंड्या

"बायको मौनात, म्हणजे नवरा निवांत. काय नाखवा?" होडीत बसता बसता गजाननराव म्हणाले. नाखवा खुदकन हसला. कुमुदताई नुसत्या पदर सावरून बसल्या. चातुर्मासाचा नेम म्हणून त्या रोज दुपारी बारापर्यंत बोलत नसत. नेम संपायला आता चारच दिवस उरले होते.

गजाननरावांना काळ्या डोक्याचा खंड्या बघायचा होता. नऊ वर्षं ते या खाडीत यायचे आणि हात हलवत परतायचे. आताही ते दुर्बिणीतून समोरचा चिखल धुंडाळत होते, आणि खंड्या त्यांच्या पाठीमागे तिवराच्या फांदीवर खुशाल बसला होता.

कुमुदताईंनी त्यांची बाही ओढली.

"हलू नकोस गं, होडी डुचमळते."

त्यांनी पुन्हा ओढली.

"भूक लागली असेल तर पिशवीत राजगिऱ्याचे लाडू आहेत."

'मागे बघा' एवढंच सांगायचं होतं. शब्द अगदी ओठांवर आले. देवाची क्षमा मागून बोलून टाकावं का? मग त्यांनी पदर कमरेला खोचला, परक्या माणसादेखत नवऱ्याची हनुवटी धरली आणि औषध पाजताना मुलाचं तोंड वळवावं तसं त्यांचं तोंड मागे वळवलं.

गजाननराव बघतच राहिले. डोळे पाणावले. खंड्या उडून गेल्यावर ते हळूच म्हणाले, "तू बोलली असतीस ना, तर तो कधीच उडाला असता."

बारा वाजले. कुमुदताईंनी मनातल्या मनात हात जोडले आणि दिवसाचं पहिलं वाक्य बोलल्या.

"अहो, तुम्ही मघापासून इतकं बोलत होतात, तेव्हा कुठे उडाला?"