दोन डाव्या बाह्या

शिंप्याने दोन्हींची सुलट बाजू वर करून एका बाहीवर दुसरी बाही ठेवली. कडेला कड तंतोतंत जुळली. त्याने त्या उचलून झटकल्या आणि पुन्हा एकमेकींवर ठेवल्या.

"दोन्ही डाव्या," तो म्हणाला.

मशीनवर बसलेल्या बायकोचा पाय थांबला. तिने मान मात्र वर केली नाही.

"मी कधी बेतल्या गं ह्या?"

"परवा दुपारी असेल," ती म्हणाली.

परवा दुपारी तो औषधाच्या गुंगीत मागच्या खोलीत घोरत होता. कात्री टेबलावर मोकळी पडली होती. लग्न झाल्यापासून तिने काजं केली, अस्तरं लावली, बटणं टाचली. कापडाला कात्री कधी लावू दिली नव्हती त्याने. चौकडीचं लोकरी कापड, चौकटी जुळाव्यात म्हणून एकेक बाही सुटी कापायची होती. तिच्या हातून पहिली नीट उतरली. त्या आनंदात ती कागदी नमुना उलटा करायला विसरली. संध्याकाळी सांगणारच होती. पण संध्याकाळी तो गळ्यातली टेप घरभर शोधत होता, आणि सांगायचं राहून गेलं.

कोट न्यायला मुख्याध्यापिका बाई आल्या. शिंप्याने बाह्या त्यांच्यापुढे ठेवल्या.

"चूक माझी, बाई. ताप डोक्यात गेला होता. डॉक्टर म्हणतात, येईल हळूहळू सगळं ध्यानात. हे कापल्याचं काही केल्या आठवत नाही बघा."

"अहो, मग निरोपाच्या भाषणाला मी दोन डावे हात घेऊन उभी राहू का?" बाई कडाडल्या. मग त्यांनी त्याच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. "जाऊ द्या. जिवावरचं दुखणं होतं ते. बिनबाह्यांचं जाकीट करून टाका." दारातून त्या वळल्या. "आणि तुम्ही जरा लक्ष ठेवा हो यांच्यावर."

"ठेवते," बायको म्हणाली.

बाई गेल्या. तो खुर्चीवर बसून स्वतःच्या हातांकडे बघत राहिला.

"अहो, ऐका ना. त्या बाह्या..."

"माझी समजूत घालू नकोस."

"समजूत नाही घालत. परवा दुपारी तुम्ही..."

"परवा दुपारचं मला काहीच आठवत नाही. तेच तर सांगतोय." त्याचा आवाज फाटला. "टेप हरवली तर हसून सोडून देता येतं. हे दुसऱ्याचं कापड आहे."

तिने दोन्ही बाह्यांची घडी घालून त्या बाजूला ठेवल्या.

त्याने कात्री उचलली, सदऱ्याच्या टोकाला पुसली, पाती आपल्याकडे धरून मूठ तिच्यापुढे केली.

"उद्यापासून तू बेत. मी काजं करीन. एखादं काज राहिलं तर कुणाचं कापड वाया जात नाही."

तिने कात्री घेतली. परवापेक्षा ती जड वाटली.

"एक लक्षात ठेव. पहिली बाही कापून झाली की नमुना उलटा करायचा."

"माहीत आहे मला."

"मलाही माहीत होतं," तो म्हणाला.

मग तो तिच्या स्टुलावर जाऊन बसला. खिडकीच्या उजेडात धरून त्याने सुईत दोरा ओवला. पहिल्याच खेपेला.