आपलं माणूस

"मान वर करू नकोस," पोन आजी पुटपुटली आणि तिनं बर्मी बायका लावतात तो झाडाच्या सालीचा पिवळा लेप कैवच्या गालांवर आणखी एकदा फासला. "आणि रडू नकोस, मेले. माणूस रडतं ते आपल्या आईच्या भाषेत."

सगळ्या गावाला मठासमोरच्या चिंचेखाली गुडघ्यांवर बसवलं होतं. सयामच्या अयुथयाचं सैन्य पेगूचा बर्मी मुलूख लुटून माघारी निघालं होतं. दुभाष्यानं सरदाराचा हुकूम ओरडून सांगितला. मागच्या लढाईत बर्मी लोकांनी पळवून आणलेलं आपलं प्रत्येक माणूस घरी न्यायचं. ते ज्याच्या घरात सापडेल, त्या घरधन्याचं मुंडकं तिथंच उडवायचं.

कैव कुठली, हे गावात प्रत्येकाला ठाऊक होतं. कुणी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

तिचा नवरा म्यात तिच्या शेजारीच होता. ताडाच्या झाडांवर चढून खरबरीत झालेले त्याचे हात मांडीवर निपचित पडले होते. कोवळ्या वयात बर्मी शिपायांनी गळ्याला दोरी बांधून कैवला सयामहून इथवर चालवत आणलं होतं. वाटेत धाकटा भाऊ गेला, त्याला पुरायलाही कुणी थांबलं नाही. इथल्या जहागीरदारानं तिला या माणसाच्या हवाली केलं. यानं सगळ्यात आधी दोरी कापली. मग तिला भात वाढला आणि स्वतः घराखाली बैलाशेजारी जाऊन झोपला. ती आपणहून बोलावीपर्यंत तो तिथंच झोपत राहिला.

सरदाराबरोबर एक म्हातारा माहूत होता. पाठीत वाकलेला, एका डोळ्यात फूल पडलेलं. एकेका बाईसमोर थांबून तो चेहरा निरखत होता. कैवनं त्याला चालीवरूनच ओळखलं. तिचा बा होता तो.

"आटप रे म्हाताऱ्या," एक शिपाई म्हणाला. "लेक नाहीच सापडली, तर ही बोळकी घेऊन जा. तुला शोभेल."

शिपाई खिदळले. पोन आजीला शब्द कळले नाहीत, पण आपल्याकडे रोखलेलं बोट कळलं. ती पचकन थुंकली. कैवला शब्दन् शब्द कळला. तिनं चेहरा दगडासारखा ठेवला.

म्हातारा तिच्यासमोर आला आणि थांबला. तो पिवळा लेप, कानांतल्या जाड बर्मी नळ्या, मांडीला टेकून बसलेली लहान मुलगी. त्याला खात्री होईना. पुढं जाता जाता सहज बोलावं तसा तो आपल्या भाषेत म्हणाला, "पोरीच्या पायाशी विंचू आहे."

कैवनं झडप घालून मुलीला उचललं.

विंचू नव्हता. म्हाताऱ्याचे दोन्ही हात आपोआप पुढं आले. आता हा हाक मारणार, हे कैवला कळलं.

"बा," ती ओठांतल्या ओठांत म्हणाली. त्या भाषेतला शब्द कित्येक वर्षांनी तिच्या तोंडून निघत होता. "हा चांगला माणूस आहे."

म्हाताऱ्यानं म्यातकडे पाहिलं. म्यातला त्यांची भाषा येत नव्हती, पण काय झालं ते त्याला उमगलं होतं. त्यानं मान खाली झुकवून तयार ठेवली होती. एका हातानं तो मुलीचं तोंड हळूच आईच्या खांद्याकडे वळवत होता, तिला पुढचं दिसू नये म्हणून.

"काय रे, सापडली का?" हत्तीवरून सरदार ओरडला.

म्हाताऱ्यानं पुढं आलेले हात मागं घेतले आणि कमरेच्या वस्त्राला पुसले.

"नाही, सरदार," तो म्हणाला. "या वयात प्रत्येक गावात एखादी तरी आपल्या पोरीसारखी दिसतेच. चला पुढं."