बाळकृष्णाच्या आंघोळीची वेळ

मुक्तावहिनीचा थायरॉइड नॉर्मल आला. हे लगेच विसरा, कारण आमच्या ब्रह्मा घाटावरच्या घरात त्यातून कुणी काही शिकलेलंच नाही.

वहिनी सकाळी सहाला उपाशीपोटी थायरॉइडची गोळी घेते. सव्वासहाला अण्णांची पूजा आटोपते आणि फुलपात्रभर पंचामृत तिच्या हातात येतं, कारण अण्णांना शुगर आहे आणि तीर्थ टाकता येत नाही. डोस तीनदा वाढला, तरी तिचे केस गळतायत, जिन्यात ती मध्येच बसते. इथल्या हिंदीभाषक डॉक्टरांनी विचारलं, "गोली के बाद दूध-वूध? उससे दवा का असर घटता है।" अण्णा भडकले, "राम राम! हमारी बहू सुबह चाय तक नहीं छूती!"

मग अण्णा दोन महिने नाशिकला गेले. पूजा मी केली, पंचामृतही मीच प्यायलो. वहिनीचा रिपोर्ट नॉर्मल.

परतल्यावर अण्णांनी रिपोर्ट कपाळाला लावला. "तीर्थाचा प्रताप! सूनबाई, उद्यापासून दोन फुलपात्रं."

"अण्णा, ते दूध आहे!" मी ओरडलो.

"तोंड सांभाळ, गाढवा. तीर्थ आहे ते."



प्रति, श्री बाळकृष्ण, देवघर. आपल्या दुधाच्या आंघोळीची वेळ सकाळी सहाऐवजी दुपारी बारा करण्यात यावी, ही नम्र विनंती.