गुवाहाटीचं तिकीट

माणसाला क्षणात दुसऱ्या गावी पोचवणाऱ्या किरणयंत्राने पुण्याहून थेट नागपूरला जाणं महाग होतं, पण नागपूरमार्गे गुवाहाटीला जाणं स्वस्त होतं. म्हणून मृदुलाने गुवाहाटीचं तिकीट काढलं, मधेच नागपूरला उतरली आणि इस्पितळात आईच्या उशाशी येऊन बसली.

तेवढ्यात किरणयंत्राच्या कंपनीतून फोन आला. "मॅडम, तुम्ही गुवाहाटीला सुखरूप पोचलात."

"मी नागपुरात आहे. इथेच उतरले."

"ते दिसतंय. पण तिकीट शेवटपर्यंतचं होतं. नियमाप्रमाणे यंत्राने तुमची दुसरी प्रत घडवून पुढे पाठवली. त्याही तुम्हीच आहात."

मृदुलाने फोन ठेवला. फोन पुन्हा वाजला. नंबर अनोळखी होता. तिने फोन कानाला लावला.

पलीकडे तिचाच आवाज होता, रडवेला. "आई कशी आहे गं? मला तिच्याशी बोलू दे."