गाय गाडीत चढली की

गाय गाडीला लावलेल्या उतरत्या फळीपाशी आली आणि तिला वेणा सुरू झाल्या.

"चढवा, चढवा!" व्यापारी गाडीतूनच ओरडला. "आधी वर घ्या तिला!"

"खबरदार!" मावशीने दावं मागे खेचलं. "इथेच विणार ती."

दोघांचंही बरोबर होतं. दलाल जो छापील करार डोळे झाकून सगळ्यांपुढे सरकवतो, त्यावर सकाळीच सह्या झाल्या होत्या. गाय गाडीत चढेपर्यंत मावशीची, चढली की पोटातल्यासकट व्यापाऱ्याची. धार काढणं मावशीच्या बोटांना आता झेपत नव्हतं, म्हणून गाय द्यायला ती तयार झाली. पण वासरू खाली जमिनीवर जन्मलं, तर गोठा ओस पडणार नव्हता. आणि एका दामात दोन जनावरं व्यापाऱ्याला का नकोत?

गाईच्या तब्येतीचा दाखला द्यायला आलेल्या गुरांच्या डॉक्टरीणबाईंनी बाह्या सारून हात आत घातला. "एक पाय मागे दुमडलाय. वासरू अडलंय. मागची बाजू उंच केली तरच सुटेल."

उंच असं तिथे एकच होतं. फळी.

दलाल कुजबुजला, "मावशी, वासरू हातचं जाईल."

"हातचं जाऊ दे. जिवानिशी नको." मावशीने गाईला फिरवलं. "लावा जोर! शेपूट गाडीकडे!"

मग एकच गलका! धरा, लोटा, अहो माझा पाय! गाय मागे मागे सरकत फळीवर आली. डॉक्टरीणबाईंचा हात खांद्यापर्यंत आत गेला. "आला पाय! ओढा!" आणि वासरू सुळकन व्यापाऱ्याच्या कुशीत. इस्त्रीच्या शर्टाची पार वाट लागली. वासरू शिंकलं.

"कालवड!" दलाल नाचलाच. "अभिनंदन शेठ! गाडीत जन्मली, तुमची झाली."

मावशी हसत होती, रडत होती, आणि कालवडीकडे बघत नव्हती.

व्यापारी शर्टाच्या बाहीने कालवडीचं तोंड पुसू लागला. जन्मभर गाई घेतल्या-विकल्या, पण जन्म असा बघितलाच नव्हता.

"गाईचे पुढचे पाय कुठे आहेत?"

दलाल वाकला. "खाली. चिखलात."

"मग गाय चढली का?"

"म्हणजे... अर्धी."

"अर्ध्या गाईचा करार मी केलेला नाही," व्यापारी म्हणाला. कालवडीला छातीशी धरून, गाईच्या अंगाला घासत तो फळीवरून उतरला, आणि त्याने तिला आईच्या तोंडापुढे, जमिनीवर ठेवलं.