चालू गाडीला सेल्फ

गुरुवारी सकाळी कमलाकर मिस्त्रीनं चालू गाडीला सेल्फ मारला. इंजिनाचे दात कचकन करकरले. सौदीतल्या जुबैलच्या त्या यार्डातल्या सगळ्या माना वळल्या, आणि हे आपल्याकडे का बघतायत ते एकट्या कमलाकरला कळेना.

नव्या पेट्रोल गाड्यांचं हेच दुखणं होतं. चालू आहे की बंद, हात लावल्याशिवाय समजायचं नाही. निदान त्याला तरी.

अर्धा दिवस संपला तशी पोरं कॅम्पवर निघून गेली. कमलाकर मात्र पत्र्याच्या शेडखाली जुन्या डिझेल पिकअपमध्ये जाऊन बसला. चौदा वर्षांचं धूड. वाळूनं घासून घासून तिचा मूळ रंग कुठला, ते सांगायला आता कोणी उरलं नव्हतं. पण लोडेड ट्रेलर रुतला की नव्या गाड्या बाजूला उभ्या राहायच्या आणि हाक हिलाच यायची. कशालाही ओढून काढणारी म्हणून सगळ्यांना तिचं कौतुक. कमलाकरचं कारण वेगळं होतं. ती सुरू झाली की तिचा आवाज पायांतून, सीटमधून, स्टिअरिंगमधून वर चढत थेट छातीत यायचा. तेवढाच एक आवाज त्याला अजून येत होता. बाकीचं जग गेल्या तीन वर्षांत कानात कापूस कोंबल्यासारखं होत गेलं होतं. हे त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. कंपनीच्या डॉक्टरनं कान बघितले की खलास, पुढच्या विमानानं घरी. झाकली मूठ सव्वा लाखाची.

विनोद साहेब चालत आला. नाशिकचा, वर्कशॉपचा इंजिनियर, वयानं त्याच्या मुलासारखा. तो अगदी समोर उभा राहिला आणि सावकाश, ओठ नीट हलवून बोलला. एवढ्यावरूनच कमलाकरनं ओळखलं, की याला कळलंय.

"मिस्त्री, कधीपासून ऐकू येत नाही?"

"कोणाला?"

"शनिवारी ही गाडी लिलावात जाणार. मग उरतील त्या सगळ्या पेट्रोलच्या. काय करणार आहात?"

कमलाकरनं इंजिन सुरू केलं. उतरून बॉनेट उघडलं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवलं. पूर्वी तो त्याची लाकडी मूठ कानाला लावायचा. हल्ली दातांत धरायचा, आणि मुठीवर दातांचे वळ उठले होते. त्यानं डोळे मिटले, आणि सगळ्यांना गप्प करायला करायचा तसा एक हात वर केला. ही त्याची जुनी सवय. त्याचा हात वर गेला की अख्खं यार्ड श्वास धरायचं.

मग त्यानं मूठ तोंडातून काढली.

"तिसऱ्या सिलिंडरचं नोझल ठोका मारतंय."

विनोदनं वाकून डिझेलच्या तिसऱ्या नळीचा नट सैल केला. ठोका थांबला.

"बघा. येतंय ना ऐकू?" कमलाकर म्हणाला. त्याचा आवाज आता लहान झाला होता. "पोरीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष आहे, साहेब. गणपतीपर्यंत सांभाळून घ्या. मग मीच जातो. आईलापण तोच शब्द दिलाय."

विनोद बुटाच्या टोकानं वाळू उकरत राहिला. "बघतो," तो म्हणाला.

तेवढ्यात कमलाकरच्या खिशातला मोबाइल थरथरला. घरून मिस्ड कॉल. गुरुवार, दुपारचे दोन, दर आठवड्याची ठरलेली वेळ. त्यानं इंजिन बंद केलं. त्याला स्वतःला त्यानं काही फरक पडणार नव्हता, पण फोन करणारा माणूस इंजिन बंद करतो. नंबर लावून, आवाज शेवटपर्यंत वाढवून त्यानं फोन कानाला लावला. हे बोलणं आता पाठ झालं होतं. आधी आपण विचारायचं, मग मनात दहा मोजायचे, मग बरं बरं म्हणायचं. बायको शर्मिला पहिल्यापासून मोजकं बोलणारी, म्हणून वर्षभर निभावलं होतं.

"हां, शर्मिला. जेवलीस काय?"

दहा.

"बरं बरं. गौरी आली काय कॉलेजातनं?"

दहा.

"बरं. आणि आई काय म्हणते?"

दहा मोजून झाले.

"छान, छान! तिला सांग, गणपतीला येतो म्हणावं. आता कायमचा."

म्हातारीनं यावर काहीतरी ठेवणीतलं ऐकवलंच असणार, म्हणून तो थोडा हसलाही. हसता हसता त्याची नजर विनोदकडे गेली. एवढ्या मोठ्या आवाजातला फोन, हातभर अंतरावर उभ्या माणसाला ऐकू येणारच. विनोदचा चेहरा पांढरा पडला होता. त्यानं पुढे होऊन कमलाकरचं मनगट धरलं आणि मघासारखंच सावकाश, ओठ नीट हलवून सांगितलं. कमलाकरनं त्याला ते दोनदा म्हणायला लावलं.

"आई गेली, मिस्त्री. आज सकाळी."

फोन अजून चालू होता. छोट्या पडद्यावर सेकंद पळत होते. पलीकडे शर्मिला रडत असेल, नाहीतर गौरीनं फोन घेतला असेल. आई कशी गेली, जाताना कोणाचं नाव घेतलं, सगळं सांगत असतील. आणि त्याच्या तोंडून त्यांनी काय ऐकलं होतं? छान, छान.

त्यानं फोन कानावर दाबला. मग दुसऱ्या कानावर दाबला. मग दोन्ही हातांनी त्याची कड दातांत घट्ट धरली आणि डोळे मिटले. यार्डात कोणीही बोलत नव्हतं, तरी त्यानं एक हात वर केला.