ग्रीकचा शेवटचा पेपर

मिनेसोटातल्या त्या ल्युथरन कॉलेजानं ग्रीक विभाग बंद करायचा ठरवला, तेव्हा डीनबाईंनी आर्ने ग्रिमस्ताद सरांवर एवढीच मेहेरबानी केली: शेवटचा विद्यार्थी पास होऊन जाईपर्यंत नोकरी शाबूत.

शेवटची उरली कर्स्टन. पोरीला पाद्री व्हायचं होतं, आणि बायबलचा नवा करार मूळ ग्रीकमधला, म्हणून त्यासाठी ग्रीक आलंच पाहिजे.

मे महिन्यात सरांनी तिचा पेपर दोनदा तपासला. एक चूक सापडेल तर शपथ! इकडे बायकोची केमो अर्ध्यावर, आणि तिचा विमा सरांच्या नोकरीवर. एकच वर्ष तर जाईल पोरीचं, असं मनाला समजावत त्यांनी तिला नापास केलं.

निकालादिवशी चॅपलची दहाची घंटा झाली तरी कर्स्टन त्यांच्या दारातच उभी होती.

"सगळे म्हणतात, फेरतपासणी माग. मी नाही मागणार, सर."

"पुढच्या वर्षी पुन्हा बस," सर तिच्याकडे न बघता म्हणाले.

सोमवारी प्रार्थनेनंतर कॉफी ओतून घेताना डीनबाईंनी त्यांना बाजूला घेतलं.

"आर्ने, कर्स्टन कॉलेज सोडून गेली. आता विद्यार्थीच नाही म्हटल्यावर... शुक्रवारपर्यंत खोली रिकामी करशील ना?"

सरांनी कप टेबलावर ठेवला. "का गेली? काही बोलली?"

"मीच म्हटलं तिला, पेपर दुसऱ्या कुणाला तरी दाखवू या. तर म्हणाली, नको. देवानं मला बोलावलंय असं मलाच उगाच वाटत होतं. सर काही खोटं सांगणार नाहीत."